तीन अधिक चार

परळच्या ओपीडीत, नऊ नंबरच्या खिडकीसमोर
मी फाईल उघडली, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
ग्लीसन: ३ + ४ = ७.
चला, बेरीज तरी बरोबर आहे.

चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत
खडूने हेच लिहीत आलो:
तीन अधिक चार, चार अधिक तीन,
क्रम बदला, उत्तर बदलत नाही.
डॉक्टर कानविंदे, तिशीची असेल, बोटाला शाई,
म्हणाली, 'इथे बदलतं, काका.
आधी तीन आलंय ते बरंय.
तीन म्हणजे बऱ्याचशा पेशी अजून ओळ धरून आहेत,
चार म्हणजे ज्यांनी ओळ मोडली.
आधी चार असते
तर आज आपण वेगळं बोलत बसलो असतो.'

मला सातवी ब मधला उमाजी भेंडे आठवला.
'सर, आधी मोजे मग बूट, आधी बूट मग मोजे,
सारखंच का?'
वर्ग हसला. मी त्याला बाकावर उभं केलं.
उमाजी, बस रे आता खाली.

सुरुवात लघवीपासून. रात्रीतून चारदा, धार बारीक.
वय झालं म्हणून वर्षभर सोडून दिलं.
मग पीएसए, अकरा पूर्णांक चार.
मग ती बोटाची तपासणी, जिच्याबद्दल
कट्ट्यावरचे पाचही म्हातारे गप्प असतात
आणि तिघे, नंतर कळलं, करून आलेले.
मग सुईने काढलेले तुकडे. दर वेळी टाळीसारखा आवाज.
बारा. मोजले मी, सवयच ती.
बारांपैकी पाचांत सापडलं.
हाडांचा स्कॅन स्वच्छ निघाला, त्या दिवशी
हेमलताने टॅक्सीवाल्याकडून सुटे परत घेतले नाहीत.

आता पर्याय.
गाठ असलेली ग्रंथीच काढायची: हात रोबोचे,
सर्जन खोलीच्या कोपऱ्यात बसून ते हलवणार.
नाहीतर शेक, वीस दिवस, शनिवार-रविवार सुट्टी,
येताना पाणी पिऊन यायचं, पोट साफ हवं,
सोबत सहा महिने हार्मोनची सुई.
नुसती नजर ठेवणंही असतं,
पण माझ्या आकड्यांना ती ते सुचवणार नाही.
'यातलं बरोबर कोणतं?'
'दोन्ही. किंमत वेगवेगळी.'
अशी प्रश्नपत्रिका मला कधी काढता आली नसती.

किंमत तिने सांगितली. थेंब थेंब गळणं,
काही महिने पॅड, बहुतेकांचं सुधारतं, सगळ्यांचं नाही.
मग ती थांबली. मी पेनाचं टोपण काढलं, लावलं.
आणि हेमलता, जिने सेहेचाळीस वर्षांत
त्या गोष्टीला कधी नावसुद्धा दिलं नव्हतं,
सरळ म्हणाली, 'आणि नवरा-बायकोचं?'
डॉक्टरने फाईल मिटली, घाई न करता सगळं सांगितलं.
मी पंख्याची पाती मोजत होतो.
तीन. नेहमी तीनच असतात.

बाहेर बाकावर मनोरीचा इनास.
त्याचं हाडांत गेलंय, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन.
'मास्तर, बाईमाणसासारख्या वाफा येतात अंगातून,'
हसत सांगत होता, शर्टाचं बटण सोडून.
'होडी आता पोरगा ओढतो. मी सुकट निवडतो.
पाचवं वर्ष लागलंय.'
निघताना त्याने माझा खांदा दाबला, जरा जास्तच जोरात.

घरी हेमलताने माझी पट्टी घेतली,
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले.
रेघ वाकडी आली. मी काही बोललो नाही.
एकेक लिहीत गेली, मध्येच 'कोथिंबीर' पण लिहिलं.
'तुम्हाला काय वाटतं?'
माझी उत्तरं कायम पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर असायची.
'मंगळवारपर्यंत वेळ आहे,' मी म्हणालो.
'मंगळवार परवा आहे.'

रात्री भिंत चाचपत परत आलो तर ती जागी.
'कितव्यांदा?'
'तिसऱ्यांदा.'
'म्हणजे अजून एकदा,' असं म्हणून
ती भिंतीकडे सरकली,
कडेची जागा मला मोकळी करून.