वीतभर

नार्वा नदीच्या काठी, जुन्या कापडगिरणीला
काचा बसवतोय आम्ही.
फेब्रुवारी. उणे नऊ.
एकेक काच तीनशे ऐंशी किलोची,
तिला धरणारे हात सहा,
सहाही रबराचे.

क्रेनला खूण करण्याआधी झिनाईदा फडकं काढते.
पुसते. मग पुन्हा पुसते.
काचेवरचं गोठलेलं दव डोळ्याला दिसत नाही,
म्हणून हातमोजा उतरवून बोट फिरवते,
भांडं नीट घासलंय का बघावं तसं.

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं,
या वाट्यांच्या आत काय असतं?
काही नाही, म्हणाली.
मग एवढं वजन धरतं कोण?
"बाहेरची हवा. ती रेटतच असते सगळीकडून,
आपण फक्त आतली जागा रिकामी करतो.
पोकळी ओढत नाही, पोरी.
पोकळीला कुठले हात?"

माझा बाप याच नदीत लॅम्प्रे धरायचा.
बिनजबड्याचा मासा,
तोंड म्हणजे नुसती वाटी, आतून दातेरी.
बादलीच्या भिंतीला चिकटला की
बादली उपडी केली तरी पडायचा नाही.
एकदा माझ्या मनगटाला डसला.
बाप म्हणाला, ओढू नकोस,
कडेखाली नख सरकव.
नखाएवढी हवा आत गेली
आणि तो सगळा जोर
नव्हताच कधी.

परवा रोदिओनला घाई होती.
दुपारनंतर वारा उठेल असं रेडिओ सांगत होता
आणि एकच चौकट उरली होती.
बॅटरी भरलेली, दोन्ही काटे हिरव्यात.
एक दोरी माझ्या हातात, एक तिमोफेईच्या.
उचल, झिनाईदा म्हणाली.
वीतभर.
आता पंप बंद. थांब.

हे थांबणं कुणालाच आवडत नाही.
पाच मिनिटं काच अधांतरी,
खाली लाकडी ठोकळे,
आम्ही लांब, तिच्या सावलीतसुद्धा पाऊल नाही.
तिमोफेई नाक ओढतोय.
मी काचेत नदी बघत होते, पलीकडचा किल्लाही.
"काट्याकडे बघ.
काच शेवटपर्यंत सुंदरच दिसते."

तिसऱ्या मिनिटाला डावा काटा सरकला.
सरकला म्हणजे किती, तर केसभर.
रोदिओन वरून ओरडला,
थंडीनं होतं असं! उजवी बाजू भक्कम आहे ना?
झिनाईदानं मान वर केली नाही.
"उजवी बाजू चुकीसाठी ठेवलीय.
कामासाठी नाही."

मग खाली.
इंचाइंचानं, ठोकळ्यांवर.
पट्टे आवळले, ओढून पाहिले,
तेव्हा कुठे तिनं दोन्ही बटणं एकदम दाबली.
धरायला एक बटण, सोडायला दोन,
कोपर लागून कुणी काही सोडू नये म्हणून.
हवा फुस्स करून घरी आली.

चौथ्या वाटीच्या कडेला चीर.
सकाळी मीच तपासली होती ती,
पाचवीपर्यंत बोटं बधिर झाली होती.
बोलले नाही. चिरेला अंगठ्याचं नख लावून बघितलं.
बरोबर मावलं.
झिनाईदा माझ्या अंगठ्याकडे बघत होती.
उद्यापासून तपासताना दर दोन वाट्यांनी हात शेकायचे,
एवढंच म्हणाली.

सुटी वाटी गावात मिळाली नाही,
तालिनहून यायला दुसरा दिवस.
वारा उठलाच.
रिकाम्या चौकटीवर प्लास्टिक ठोकलं,
मालकाचा फोन आला, झिनाईदा बराच वेळ
हं, हं म्हणत राहिली.
नोंदवहीत एकच ओळ:
उचल झाली नाही. कारण वाटी क्रमांक चार.

घरी बाप चुलीशेजारी सापळ्याची जाळी सांधत होता.
मासेमारी सोडून सहा वर्षं झाली, सापळे सांधतो अजून.
काय झालं आज कामावर?
काही नाही, म्हटलं.
त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं,
मग गाठ मारून दोरा दातानं तोडला.