पुलावरची नोंदवही

जांबच्या बाजारातून आमचं हिवरधरा बाहेर पडलं
तेव्हा ग्रामसभेत एकशे चौदा हात वर होते,
एकशे सहा खाली.
आता विचारलं, की तुमचा कुठे होता,
तर लोक बिडी शिलगावतात.

सात गावांचा बाजार. पट्टी नाही, नाका नाही.
आमची तूर जांबात,
आणि जांबचं सगळं आमच्यात.
सगळं म्हणजे पाऊचातलं तेलसुद्धा.
त्या पाऊचांपायी कावडू गुल्हानेनं आपली घाणी
तेरा वर्षं कोंबड्यांना बसायला दिली होती.

"आपलं तेल, आपली डाळ, पैसा गावातल्या गावात,"
उकंडराव म्हणाले, "कोनाच्या बापाचं भेव हाये?"
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मग नाल्याच्या पुलावर बांबू आडवा झाला
आणि अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडे आली.
'आलं' एक रकाना, 'गेलं' एक रकाना.
शेकडा पाच. पावती गुलाबी.

पहिल्याच महिन्यात कळलं
आपण काय खातो, कशानं शिवतो, कशानं दात घासतो.
मीठ. सुया. कुकरची रबरं.
बांगड्या, दोन-चारच्या मापाच्या, सहा डझन.
रानडुकरं पळवायचे फटाके.
एक नवरदेव, घोड्यासकट
(घोड्याची पट्टी घेतली, नवरदेवाची माफ).
'गेलं'मध्ये तूर, तूर, तूर,
आणि पोळ्यानंतर तीही नाही,
कारण जांबनंही पलीकडे बांबू टाकला.

त्यांचा वहीवाला विक्की बाभळीखाली बसतो.
दुपारी आमचा थर्मास एकच असतो.
त्या चहाची पट्टी कोणी कोणाला लावायची
यावर आम्ही एकदा पाऊण तास भांडलो.

खोटं का बोलू, घाणी फिरली.
माझा दीर पुण्याहून परत आला, पेंड उचलायला लागला,
रात्री घरी जेवायला लागला.
जवसाचं तेल पोरीच्या जिभेला लागलं
तसं तिनं तोंड वाकडं केलं, "आई, याले वास येते."
वास नाही बाई, म्हटलं, हीच चव.
पण मलाही आठवावी लागली.

माघात घाणीचं बेअरिंग गेलं.
कावडू मांडीवर हात ठेवून बसून राहिला.
बेअरिंग हिवरधऱ्यात पिकत नाही.
ते आलं जांबहून, पट्टीसकट,
आणि तेल किलोमागे आठ रुपयांनी चढलं.
त्या रात्री नाल्यातून, पाय न वाजवता,
पाऊचं आली.
अंधारात मी सरपंचांच्या सुनेला
तिच्या खोकल्यावरून ओळखलं.
रकान्यात खोकला लिहिता येत नाही.

धाकटी बहीण आली, डब्यात कुरड्या घेऊन.
भेट की माल?
नियमात आहे: खाद्यपदार्थ, तयार.
तिनं दहाची नोट काढली, बोलली काहीच नाही.
मी पाच परत दिले. पावती फाडली.
संध्याकाळी कुरड्या तळल्या, कावडूच्या तेलात.
फुलल्या चांगल्या.
गिळल्या जात नव्हत्या.

मागे एकदा रिकाम्या दुपारी वहीचं पहिलं पान काढलं.
माझंच अक्षर, माझीच तारीख.
आलं: बांबू एक, जांबहून, चाळीस रुपये.
विक्कीला दाखवलं. तो हसला नाही.
म्हणाला, "आमचा तं तुमच्या बेटातला हाये, ताई."

परवा पुन्हा सभा. विषय क्रमांक तीन.
उकंडराव म्हणतात, अजून एक साल दम धरा.
घरात दीर काहीच म्हणत नाही,
फक्त माझ्या ताटाकडे बघतो.
नवं बेअरिंग अजून कुरकुरतं,
रात्री नऊपर्यंत ऐकू येतं,
आणि हल्ली मला त्या आवाजावर झोप लागते,
हीच पंचाईत.
हात सध्या मांडीवर आहे,
बोटांना गुलाबी कागदाचा रंग लागलेला.