चौथी

नांदगावच्या पुळणीवर शर्यत संपली.
ढोल जिंकलेल्या गाडीमागे गेला.
उलड्यांची लाखी घोडी चौथी.
रज्जाक लगाम गुंडाळत म्हणाला,
दिवाळीनंतर काढून टाकतो.

मी सुरूच्या बाजूने चालत गेलो, एकटाच,
भरती यायच्या आत.

पहिल्या तिघांचे खूर पाण्याच्या कडेने.
तिथं वाळू ओली, चोपलेल्या अंगणासारखी,
नाल नुसती टेकली तरी घोडं पुढे.
हिच्या वाट्याला वरची, कोरडी.
चार बोटं घातली खुरात,
तळ लागला नाही.

पिंपाच्या वळणावर
कुणाची तरी गाडी आडवी आली असणार;
चाकाची रेघ हिसका खाऊन बाहेर गेलीय
पार खुब्यांच्या ढिगापर्यंत.
आणि तिथून पुढे, सांगतो,
टापांमधलं अंतर वाढतच गेलंय,
थेट निशाणापर्यंत.

पाणी पोचलं. एकेक खूर भरला, मिटला.
लिहिलेलं उरलं ते
पंचांच्या वहीत तेवढं.

परत येऊन रज्जाकच्या शेजारी बसलो,
विडी मागितली,
आणि दोन झुरक्यांनी, समुद्राकडे बघत, विचारलं:
त्या चौथीचं काय घेशील?