तीन मिनिटं

सेलूच्या एक्स्चेंजात मी अठ्ठावीस वर्षं बसले.
कानाला हेडफोन, समोर बोर्ड,
बोर्डावर पितळी भोकं, हातात दोऱ्या.
मानवत मागितलं की मानवत, जिंतूर मागितलं की जिंतूर,
मुंबई मागितली तर आधी परभणीची मनधरणी.
"तीन मिनिटं झाली, वाढवायची का?"
हे मी झोपेतसुद्धा म्हणायची, असं आमचे हे सांगायचे.

आडतीचे भाव, सोयरिकी, मयती,
सरकीच्या गाड्या, एका वकिलाचं दुसरं घर,
सगळं ह्या कानातून गेलं.
ऐकायचं नाही, असा नियम होता.
कानाला काय कडी असते?

औंदा पोळ्याच्या करीला फोन आला.
व्हिडिओवर वर्दी, मागं भिंतीवर सिंहांची मुद्रा,
टेबलावर छोटा झेंडा.
"कौसल्या ढवळे? तुमच्या नावावर गुन्हा आहे.
कॅमेरा बंद करायचा नाही. कुणाला सांगायचं नाही.
तुम्ही अटकेत आहात."

अकरा तास बसले, खुर्चीवर, माझ्याच घरात.
संडासला जायचं तर परवानगी मागितली.
जा म्हणाला, पण फोन बरोबर घेऊन.
दुसऱ्या दिवशी बँकेत एफडी मोडली,
चार लाख ऐंशी हजार.
कॅशियर म्हणाली, काय काढलंय मावशी एवढं?
नातवाची फी, म्हटलं.
इतकं सफाईदार खोटं मी जन्मात बोलले नव्हते,
निदान तोंडानं.

आता जो तो विचारतो, कामून विश्वास ठेवला?
सगळा जन्म टेलिफोनात गेलेली बाई,
आवाजावरून माणूस ओळखणारी.

ओळखला होता की.
पंचविशीतलं पोरगं होतं, नाक चोंदलेलं,
मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली
तर वाचता वाचता त्याची ओळ चुकली.
तरी मी विचारलं नाही, गुन्हा कोणता.
मला वाटलं,
आले एकदाचे.

पंच्याहत्तर साल. दिवाळीच्या आधी
फौजदारानं माझ्या टेबलावर टोपी ठेवली
आणि म्हणाला, एकोणचाळीस नंबरवर जरा ध्यान ठेवा बाई,
देशाचं काम आहे.
एकोणचाळीस म्हणजे बोर्डिंगचा फोन. लाटकर मास्तर.
मी बावीस वर्षांची, नोकरी कच्ची.
ध्यान ठेवलं. वहीत लिहिलं.
एका रात्री मास्तर कुणाला तरी म्हणाले,
उद्या पहाटेच्या पॅसेंजरनं निघतो.
तेही लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं.

पहाटे गाडी आली आणि गेली.
मास्तर सुटून आले ते खोकतच, पुढं फार दिवस काढले नाहीत.
मला बढती नाही, शिक्षा नाही.
ती वही कुठं गेली कुणास ठाऊक.
कुणी काही विचारलंच नाही, पन्नास वर्षं.

परभणीच्या सायबर सेलमध्ये गव्हाणे नावाचा हवालदार,
लेकराच्या वयाचा, चहा पाजला त्यानं.
पैशाचं बघू म्हणाला, सात खात्यांत फिरलेत, आसामपर्यंत.
मग माझ्या सहा महिन्यांच्या कॉलची यादी काढली,
कुणाशी, कधी, किती वेळ,
एका बटणात. ना दोरी, ना हेडफोन, ना वही.
बोट खाली खाली नेत एका जागी थांबला.

"आजी, हा नांदेडचा नंबर कुणाचा?
दर गुरुवारी, रात्री नऊला. आठ सेकंद. नऊ सेकंद. आठ."
चुकून लागतो, म्हटलं.
"दर गुरुवारी चुकून?"
त्याच्या मनात काही नव्हतं. यादी पुरी करायची होती.
"तपासावं लागतं आजी," म्हणाला,
आणि माझ्याच फोनवरून लावला, स्पीकरवर.

लाइन स्वच्छ होती. खरखर नाही, मध्ये कुणी नाही.
माझा हात टेबलाच्या कडेला
ओढून काढायची दोरी शोधत होता.

तिकडून बाई बोलली, सावकाश,
मास्तरांसारखे शब्द ओढत:
"आज तर मंगळवार आहे."