कौल

आमच्याकडे कौल म्हणजे तिन्ही:
भट्टीतून निघतं ते,
गुरव देवीला फुलं चिकटवून मागतो तो,
आणि सोसायटीच्या पेटीतून मोजून काढतात तो.
खानापुरात दोन भट्ट्या पेटत होत्या तोवर
तिन्हींना भाव होता.

सत्त्याऐंशी साली भरमाण्णा इटगीकर,
कौल उत्पादक सोसायटीचे अध्यक्ष, दुसऱ्यांदा उभे,
सहा मतांनी पडले.
दोनशे सात, दोनशे एक.
मोजणाऱ्या कारकुनांचा चहा त्यांनीच सांगितला होता,
तो नेमका निकालानंतर आला.
त्यांनी सगळ्यांना पाजला, कपबश्या मोजून परत दिल्या,
आणि रुळाच्या कडेनं घरी गेले, छत्री काखेत.

सात मतं त्या वेळी
रेल्वे गेटच्या पलीकडे टेम्पोत बसून होती,
नंदगडचं लग्न जेवून परतलेली.
लोंढ्याकडं जाणारी मँगनीजची मालगाडी
मध्येच उभी राहिली. अठ्ठावन्न डबे.
पाचाला पेटीवर लाख ओतली.
पाच दहाला गेट उघडलं.

तेव्हापासून गाव त्या दहा मिनिटांत राहायला गेलंय.
मारुतीच्या सलूनमध्ये कुणीतरी
मालगाडी वेळेवर सोडतो,
आणि भरमाण्णा निवडून येतात.
मग दुसरी भट्टी विझत नाही.
पत्रा येतो, पण बेळगावपर्यंतच.
अंतू चोपडे गवंडीकामाला गोव्यात जात नाही,
म्हणून म्हापशात परांचीवरून पडत नाही.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी तशीच राहते,
रात्री डांबराचा डबा घेऊन कुणी येत नाही,
ना इकडचा ना तिकडचा,
दोघंही भट्टीच्या सावलीला भाकरी सोडून बसलेले असतात.
कुणी फारच रंगला तर
त्या सालचा मलप्रभेचा पूरही रद्द होतो.
"हुंदे बे," वस्तरा पुसत मारुती म्हणतो,
"नदी काय सोसायटीची सभासद होती?"

मी पेंटर. कौलांचा साचा मीच कोरायचो.
सागवानात अक्षरं उलटी काढायची,
मातीत सुलटी उठतात.
दोन्ही लिप्या उलट्या येणारा तालुक्यात मी एकटा.
निकालाच्या आधीच भरमाण्णांनी नवा साचा सांगितला,
सन १९८७ ते ९२.
"पडलो तर जळणाला घाल," म्हणाले,
आणि पैसे आगाऊ दिले.

जळणाला घातला नाही.

परवा सोसायटीची जागा विकली,
तिथं दातांचा दवाखाना येतोय.
मी माळ्यावरून साचा उतरवला, वाळवी झटकली,
हलकर्णीची तांबडी माती भिजवून दाबली.
सगळं उठलं. काना, मात्रा, कन्नडचे वळसे,
अध्यक्ष: भ. य. इटगीकर.
त्यांची दुसरी पाच वर्षं
माझ्या ओट्यावर, ओली,
बोट लावलं तर खचतील अशी.
भाजायला भट्टी कुठली आणायची?

बायको म्हणाली, "किती सुबक उठलंय."
मी पाणी प्यायलो.

टेम्पोत सात होते हे सगळ्यांना पाठ आहे.
सातवा मी.
कंपाउंडची भिंत रंगवायचं काम, दोन्ही बाजूंनी,
नागोजी पाखऱ्यांनी मला कबूल केलं होतं,
ते निवडून आले तर.
घरात बाळंतपण होतं. मीही शब्द दिला होता.

दोनशे एक अधिक सहा.
दोनशे सात अधिक एक.
ही बेरीज मी सलूनमध्ये कधी मांडली नाही,
दाढी अर्धी राहिली असती.

भरमाण्णांच्या तेराव्याला त्यांचा धाकटा
बुंदी वाढता वाढता माझ्यापाशी थांबला.
"काका, तुम्ही होता न्हवं त्या टेम्पोत?"
होतो, म्हणालो.
"लई लांब होती गाडी?"

अठ्ठावन्न डबे, मी म्हणालो.
मी मोजले होते.