साठ ते पंच्याहत्तर

पंचावन्नला गाडी गाईसारखी.
काटा साठवर गेला की स्टिअरिंगला हीव भरायचं.
आधी अंगठ्यांना कळायचं, मग कोपरांना,
मग सीटखालच्या पान्यांना,
मग आरशाला. आरशातली मागची गाडी
एकाची दोन व्हायची
आणि दोन्ही मलाच हॉर्न मारायच्या.
पंच्याहत्तरच्या वर सगळं गप.
पण उद्यमबागेतल्या फौंड्रीचा माल भरून
पंच्याहत्तरच्या वर पळवणार कोण,
पुढं तवंदीचा घाट असताना?

सात महिने.
कोल्हापुरात अलाइनमेंट केली, निपाणीत परत केली.
संकेश्वरला एकानं टायरॉडचे एन्ड बदलले,
धारवाडच्या मेस्त्रीनं किंगपिन.
शेठ म्हणाला, रेमाण्णा, रस्ताच तसला आहे.
रस्त्याचं काम चालूच होतं, म्हणून पटलंही.

घरी, खानापुरात,
बायको कपबशीत चहा देईना झाली.
पेल्यात द्यायची. अर्धा.
बोलली काहीच नाही.

काकतीच्या पुढं मकतुमसाबचं दुकान:
एक जॅक, एक बाज,
टायरांची भिंत, भिंतीवर मांजर.
मी सांगायला लागलो तर बोट वर केलं.
"तू नको. तिला सांगू दे."

पुढचं डावं चाक उचललं.
नातवाच्या पाटीवरचा खडूचा तुकडा
टायरपासून केसभर लांब धरला
आणि चाक फिरवलं.
खट.
            खट.
                        खट.
थांबवलं तर सगळं चाक काळं,
एकाच जागी वीतभर पांढरी रेघ.
"नोडु," म्हणाला, "तुझं चाक गोल नाही."

बावीस वर्षं गाडी चालवतो मी.
हे वाक्य मला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

हवा सोडली. टायरचा काठ रिमवर
एका बाजूला नीट बसलाच नव्हता,
शाळेत शेवटच्या बाकावर टेकतात तसा
नुसता टेकलेला.
साबणाचं पाणी, दोन पहारी, उर्दूत एक शिवी.
रिमच्या आतल्या अंगाला चिखलाचा पोपडा,
तळहाताएवढा, वाळून दगड झालेला,
लाल. आमच्याच जांबोटीकडचा.
टायरवरचा पिवळा ठिपका फिरवून
व्हॉल्व्हच्या शेजारी आणला.
तो ठिपका मी रोज बघायचो.
कारखान्यात कुणाच्या तरी हातून
रंग सांडला असेल, एवढंच वाटायचं.

मग मशीनवर.
ग्रॅम कन्नडमध्ये मोजले:
नूरु, नूराऐवत्तु, इन्नूरु.
शिसं ठोकलं मुकाट्यानं.
पैसे मराठीत सांगितले, कमी केले नाहीत.
उजवं चाक मग मीच जॅकवर घेतलं.

दोनशे ग्रॅम.
घरी बाजारातून खारे शेंगदाणे नेतो
ते याहून जास्त भरतात.

निघताना विचारलं, मामू, हातातलं पण जाईल?
फडक्याला बोटं पुसत तो मांजराकडं बघत राहिला.
"हाताला कळायला आठ दिवस लागतात," म्हणाला.
"नाही कळलं तर डॉक्टरकडं जा. टायरवाल्याकडं नको."

साठ. एकसष्ट. पासष्ट.
स्टिअरिंग घट्ट धरून मी वाट बघत होतो,
उधारीवाल्याची बघावी तशी.
आला नाही.
यमकनमर्डीच्या अलीकडं, सत्तरला,
कधी न ऐकलेलं ऐकू आलं:
डॅशवरच्या यल्लम्माच्या फोटोमागं
एक सुटं नाणं खुळखुळतंय.
कुणी ठेवलं, कधी, आठवेना.
हत्तरगीच्या टोलपर्यंत तेच ऐकत गेलो.

टोलच्या पुढं आरशात बघितलं.
मागची गाडी एकच होती.
तिच्या कपाळावर पिवळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं,
सात महिन्यांत पहिल्यांदा ठरलेलं, स्पष्ट,
पण आरशातलं, उलटं.
कानडी की मराठी, ते लागेपर्यंत
तिनं इंडिकेटर दिला
आणि मला मागं टाकून गेली.