हिमोढ

नववी ब, धडा सहावा : हिमनदीचे कार्य.
शिराळ्यात मार्चची दुपार,
पंखा फिरतो तो आवाजापुरता.
फळ्यावर मी दरी काढली, यू आकाराची,
आणि माझाच मला राग आला.
एकतीस वर्षं हीच दरी काढतोय
तिच्यात एकदाही न उतरता.

दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या कारखान्यातून
बर्फाची अर्धी लादी आणली,
भुसा लावून, गोणपाटात गुंडाळून,
एम-एटीच्या मागं सायकलच्या ट्यूबनं आवळून.
पेठ नाक्यापासून ती गळायला लागली.
आरशात बघितलं तर डांबरावर बारीक ओली रेघ,
आणि पुन्हा बघेपर्यंत तीही नाही.

ध्वजाच्या कट्ट्याला तिरकी फळी लावली.
पोरांनी मोरणेतले गोटे आणलेले, मूठभर मुरूम,
ते लादीवर, लादीखाली, कडेनं.
लादी बोटभर सरकली.
थांबली.
एकवीस पोरं गप्प.
परत सरकली, करकर आवाज करत.

“बघा, येताना खरवडते,
जाताना ठेवून जाते.
ठेवलं त्याला हिमोढ म्हणायचं.
कडेचा पार्श्व, मधला मध्य, शेवटचा अंत्य.
लिहून घ्या, दोन मार्कांना येतो.”

निवास झोरे लिहीत नव्हता.
“सर, हिमनदी मागं सरते म्हंजे परत वर जाती?”
नाही रे. ती खालीच येत असते.
तोंडाशी वितळते जास्त, एवढंच.
मागं सरली असं आपण म्हणतो,
लांबून बघणारे.

“आमचा आज्जा बी तसंच म्हणतो,” निवास म्हणाला.
“कागदावर लिवलंय, गाव सोडलं.
आमी काय सोडलं न्हाई.”

मग हाताच्या फळीवर बोटानं दाखवायला लागला
चांदोलीचं रान, वरची वाडी.
वर्षातनं एकदा गेटवर नाव लिहून
देवाला नारळ फोडायला सोडतात.
उंबऱ्याचे दगड तिथंच हायेत,
जात्याची खालची तळी, म्हसरांची डोण,
आणि एक पाटा, कुणाचा ते आज्जालाच ठाऊक.
“सगळं रांगंनं हाय, सर.
ह्यातलं पार्श्व कंचं?”

मी खडू या हातातून त्या हातात घेतला.
पुस्तकात आकृती सहा पूर्णांक चार आहे.
तिच्यात पाटा नाही.

घंटा झाली. पोरं पाणी प्यायला पळाली.
लादीची विटेएवढी चकती उरलेली,
फळीखाली मातीत
गोट्यांची वाकडी ओळ.
रंगूबाई खराटा घेऊन आल्या.
म्हटलं, आज राहू द्या.

निवासनं त्यातला एक गोटा उचलला,
उलटा करून खालची ओल बघितली
आणि होता तिथंच,
होता त्याच तोंडानं
परत ठेवला.